मागच्या दोन खोल्या

शालन,

गावच्या चौकातल्या फ्लेक्सवर त्यांनी तुझ्या नावाआधी 'सौभाग्यवती' छापलं होतं. 'सौ.' नव्हे, अख्खा शब्द. कुणाच्या तरी लग्नातला तुझा फोटो कापून घेतलेला. तुझ्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी बोटं तशीच राहून गेली होती. खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची लांब रांग, त्यात पहिलं नाव तुझ्या नवऱ्याचं. मंदाचं नाव नव्हतं. तुझी एकुलती एक मुलगी, शेवटी शेवटी तुला उचलून बसवणारी. तिला त्या फलकावर शोक करायलाही जागा मिळाली नाही. मी एसटीतून उतरले, फलक वाचला आणि पुढे चालू लागले.

तुझ्या नवऱ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तू ते कधी घेतलं नाहीस, ते रीत म्हणून. मी घेत नाही, कारण ते लिहिलं की हात धुवावासा वाटतो. गाव त्याला आबा म्हणतं. तेवढं पुरे.

हे तुझ्याशी बोलणं आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, इरा आणि निखिल, तिकडे समुद्रापलीकडे. त्यांना तू माहीत आहेस ती माझ्या ओट्याला टेकून शेंगा सोलणारी आणि सोलता सोलता निम्मे दाणे त्यांच्या हातावर ठेवणारी शालनआजी. बाकीचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं. फोनवर तुझी बातमी सांगताना त्यातलं थोडंफार निघालं, ते इराने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, एवढं सगळं होतं तर ती निघून का नाही गेली?"

मी तिच्यावर रागावले नाही. हाच प्रश्न तुला हवालदाराने विचारला, तुझ्या सख्ख्या भावाने विचारला, आणि मी तर किती वर्षं विचारत आले. आपल्या दोघींचं आयुष्यभराचं एकच भांडण, ते हेच. ते अर्धवट टाकून तू गेलीस. म्हणून आता पहिल्यापासून लिहिते. मला क्रमाशिवाय जमत नाही हे तुला माहीत आहे; त्यावरून तू माझी कमी थट्टा केली नाहीस.

वालचंदनगरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये तुमची आणि आमची एक भिंत सामाईक होती. तुझा नवरा आणि माझे यजमान एकाच खात्यात. मी जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या भिंतीतून तुझ्या फोडणीचा वास यायचा, रेडिओ यायचा आणि संध्याकाळी तो घरी आला की बाकीचंही यायचं. आवाज वाढला की मी रिकामी वाटी घेऊन तुझं दार वाजवायची. "शालन, विरजण आहे का गं?" दार उघडायला वेळ लागायचा. तू पदर सारखा करत यायचीस, वाटीत चमचाभर दही घालायचीस, आणि मी उंबऱ्यावर उभी राहून शाळेतल्या गोष्टी मुद्दाम लांबवायची. तोवर त्याचा हात खाली यायचा. एकदा तो आतून खुर्चीतूनच म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडं दही लागतच न्हाय वाटतं."

मी म्हणाले, "नाही ना भावजी. तुमच्या घरात जेवढी गरमी आहे तेवढी आमच्याकडे नाही."

तू तोंडात पदर कोंबून आत पळालीस. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात वाळवण घालताना आपण दोघी त्यावरून पोट धरून हसलो. हसताना तुझा फुटलेला ओठ पुन्हा फुटला.

कपाळावरची खूणही त्याच घरातली. त्याने पाट फेकून मारला होता. दवाखान्यात तू सांगितलंस, पायरीवरून पडले. डॉक्टरांनी टाके घातले आणि पायऱ्या जपून उतरत जा म्हणाले. शालन, त्या क्वार्टर्स बैठ्या होत्या. एकाही घराला पायरी नव्हती. आणि ते डॉक्टर आपल्याच ओळीत राहत होते.

त्याची नोकरी संपली, तशी क्वार्टर गेली. तुम्ही इंदापूरजवळच्या त्याच्या गावी राहायला गेलात. घर बांधलं ते त्याच्याच कमाईतून, पण कागदावर धाकट्या दिराच्या, आप्पाच्या नावाने. असं का, हे तेव्हा आपल्याला कळलं नाही. त्याला नीट कळत होतं. मी तोवर बारामतीत एकटी राहायला आले होते. एके दिवशी भरदुपारी तू माझ्या दारात उभी राहिलीस, हातात गवारीची पिशवी. बाजारातून घरी परतलीस तर दाराला नवं कुलूप आणि तो ओसरीवर पेपर वाचत बसलेला. पेपरातून मान वर न करता म्हणाला, "जा, तुझ्या इंग्लिशवाल्या वहिनीकडं जा. तिच्याकडं दही लागत न्हाय."

इतक्या वर्षांत तो ते विसरला नव्हता. आपण त्याला हसलो होतो हे त्याला माहीत होतं, आणि त्याने ते जपून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी आपण गवार निवडली. तू माझ्या स्वयंपाकघराकडे बघत होतीस: बरण्यांच्या चिठ्ठ्या, भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेले डाव. म्हणालीस, "वहिनी, तुमच्या घरात चमच्याला पण जागा ठरलीय. माझ्या घरात मला न्हवती."

"मग इथेच राहा," मी म्हणाले. "बाजूची खोली रिकामीच आहे."

"तुमच्या खोलीत मी पाहुणी. पाहुण्याला कधी ना कधी परत जावं लागतं."

"परत कुठे? त्या माणसाकडे?"

"माणसाकडं न्हवं. घराकडं." तू एक जून शेंग बाजूला टाकलीस. "चोर घरात शिरला म्हणून घरधनीणीनं रस्त्यावर यायचं व्हय?"

"चोर मारत असेल तर यायचं."

"मग चोर वसरीवर पेपर वाचत बसणार, आणि मी दुसऱ्याच्या घरात गवार निवडणार."

इथून आपलं भांडण सुरू झालं ते अगदी परवापर्यंत. मी बोटांवर मुद्दे मोजायची: तुझी तब्येत, तुझं वय, त्याचा हात. तू सगळं शांतपणे ऐकायचीस, मान डोलवायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "तुमचं समदं बरोबर हाय, वहिनी. पण घर माझं हाय." मला त्या 'पण'चा भयंकर राग यायचा.

नातवंडांसाठी इथे एवढं लिहून ठेवते. ज्या घरात बाईने संसार केला त्या घरात राहण्याचा तिला कायद्याने हक्क आहे, मग घर कागदावर तिच्या नावाने असो वा नसो. मनाला आलं म्हणून तिला बाहेर काढता येत नाही. आणि कोर्टाला पटलं तर घराबाहेर राहण्याचा हुकूम मारणाऱ्यालाही देता येतो. हे आपल्याला घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंनी समजावलं. शेवटचं वाक्य तू त्यांना पुन्हा म्हणायला लावलंस.

"म्हंजे जायचं त्यानं?"

"तसा हुकूम होऊ शकतो, काकू."

"मग तसंच लिवा."

मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलं. एवढं ठाम वाक्य मला कधी कुणाला शिकवता आलं नाही.

कोर्टात त्याच्या वकिलाने सांगितलं की घर आप्पाचं आहे आणि हे बिचारे स्वतःच भावाच्या आश्रयाला आहेत. तो बिचारा हात जोडून उभा होता. खादीचा सदरा, कडक इस्त्री. कोर्टाने ते मानलं नाही. तुला घरातून काढता येणार नाही असा आदेश झाला. पण त्यालाही कुणी बाहेर काढलं नाही. तुला मागच्या दोन खोल्या मिळाल्या, वेगळं दार, वेगळी चूल. पुढचं घर, ओसरी, अंगण, तुळस त्याच्याकडे. मारणाऱ्याला ओसरी आणि मार खाल्लेलीला गोठ्याकडची बाजू. मी बाहेर येऊन बाकावर बसले. तू मात्र इंदापूरच्या बाजारात मला ओढत नेलंस आणि एक चांगलं दणकट कुलूप घेतलंस. "दोन तर दोन," म्हणालीस. "किल्ली तर माझ्याकडं."

मधल्या दारात भिंत घालायला इंदापूरचे रशीदभाई गवंडी आले होते. तू त्यांना चहा करून दिलास आणि भिंत सरळ आहे ना ते ओळंबा लावून स्वतः बघितलंस. मग सुरू झालं ते सगळं. विजेची तार तुटायची ती बरोबर तुझ्याच बाजूची. तुझ्या दाराशी आप्पाने म्हैस आणून बांधली. तू आदेशाचं सांगितलंस तर म्हणाला, "म्हशीला काय कोर्टाचं वाचता येतंय व्हय?" ओसरीवरची माणसं हसली. हवालदार आला, आधी ओसरीवर बसून चहा प्याला आणि मग मागे येऊन तुला म्हणाला, "काकू, म्हातारपणी कशाला? निघून तरी जावा न्हायतर जुळवून तरी घ्या. आबा तंटामुक्ती समितीवर हायती."

तू म्हणालीस, "मग माझा तंटा मिटला का, ते त्यास्नीच विचारा."

हवालदाराने टोपी घातली आणि गेला. म्हैस तिथेच राहिली. तू तिला भाजीची देठं घालत गेलीस, आणि महिन्याभरात ती तुझ्या आवाजाने सरकायला लागली. मी भेटायला आले की तू मला ते खास दाखवायचीस. "सरक गं बाई, वहिनी आल्यात." ती सरकायची. त्या घरात तुझं ऐकणारी ती पहिलीच. आपण हसायचो, पण परतीच्या एसटीत मला हसू येत नसे. गावाचे तंटे तो ओसरीवर बसून मिटवायचा आणि त्याच घरात मागच्या बाजूला त्याची बायको म्हशीच्या पोटाखालून पाण्याची घागर नेत होती. कुणालाही त्यात काही विसंगत वाटलं नाही. त्या गावच्या चहाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

मग मंदा आली. सुप्याहून, शिलाई मशीन टेम्पोत घालून. तिची कहाणी निराळी नाही, म्हणून सांगत नाही. तू तिला का आलीस हे विचारलं नाहीस. कुलूप काढलंस, मशीन आत घ्यायला हात लावलास आणि खिडकीखाली ठेवलंस, उजेडाला. मला फोनवर म्हणालीस, "वहिनी, मी तुमच्याकडं राहिले असते तर ही कुठं गेली असती?"

माझ्याकडे आली असती, असं म्हणणार होते. म्हणाले नाही. ती आली नसती. तिनेही मला 'पाहुणी' हाच शब्द ऐकवला असता. तू स्वतःसाठी दोन खोल्या धरून ठेवल्यास म्हणून तुझ्या मुलीला माहेर राहिलं. हे तेव्हाच तुला सांगायला हवं होतं, पण आपलं भांडण चालू होतं.

बारामतीच्या दवाखान्यात तू शेवटच्या खेपेला होतीस तेव्हा डबा घेऊन मी रोज यायची. तुला मऊ भात नको असायचा, भाकरी हवी असायची. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, "ते कवाच थकलंय, आता त्यांना कळलं." मग मंदा पाणी आणायला गेल्यावर माझं मनगट धरलंस.

"वहिनी, आप्पाच्या पोराचं लगीन ठरतंय. त्यास्नी माझ्या खोल्या पाहिजेत. कोर्टाचा हुकूम माझ्या नावचा हाय. मी गेले की मंदीला उठवतील. मंदीला उठू देऊ नका. दुसरं मला काय नको."

मी "नाही उठू देत" म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. पुढे दोनच दिवसांत तू हट्टाने घरी गेलीस आणि एका सकाळी खिडकीखाली, मशीनशेजारी, मंदाच्या मांडीवर गेलीस.

मी पोचले तेव्हा तू तुझ्या खोलीत नव्हतीस. त्यांनी तुला पुढे, ओसरीवर नेलं होतं. ज्या दारातून तुला इतकी वर्षं पाऊल टाकू दिलं नाही, ते दार सताड उघडं होतं, कारण लोक येणार होते आणि लोकांना ते घर अखंड दिसायला हवं होतं. तुला हिरवं नेसवलं होतं. चुडा भरला होता, ओटी भरली होती. कपाळभर मळवट. शालन, त्या मळवटाने तुझी टाक्यांची खूण पुरती झाकली होती. मी बोट लावून शोधली. होती जागेवर. भोवती बायका म्हणत होत्या, "अहेव गेली गं. नशिबाची." एकीने तुझ्या कपाळाचं कुंकू चिमटीत घेऊन स्वतःला लावलं, तिलाही तसंच, नवऱ्याच्या आधी मरण यावं म्हणून. मी तिथून उठून म्हशीजवळ जाऊन उभी राहिले. त्या अंगणात तेवढंच एक शहाणं तोंड होतं.

रीतीप्रमाणे जीव जिथे गेला तिथे दहाव्यापर्यंत दिवा तेवत ठेवायचा. तुझ्या नवऱ्याला तो पुढच्या घरात हवा होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा. त्याची म्हातारी चुलती, काकी, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जीव जितं गेला तितंच दिवा. पुढं लावून काय फोटो काढायचाय?" दिवा तुझ्या खोलीत लागला. पण आप्पाने त्याच दुपारी मंदाला सांगून ठेवलं, दहावा झाला की भिंत काढायची, मशीन कुठं न्यायची ते बघ.

दहावा भीमेच्या पाण्याकाठी झाला. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी म्हणाला, "शालनकाकींनी आबांच्या खांद्याला खांदा लावून संसार केला." तुझा डावा खांदा त्याने एकदा निखळवला होता, पावसाळ्यात तो दुखायचा म्हणून तू केस उजव्या हाताने विंचरायचीस. मी समोरच्या रांगेत बसले होते. पुढाऱ्याने माझ्याकडे बघून मान तुकवली. मी तुकवली नाही.

तुला मुलगा नाही म्हणून क्रिया आप्पाच्या मुलाने केली. तोच, ज्याच्या लग्नासाठी खोल्या हव्या होत्या. पिंड मांडला, सगळे मागे सरले. बाभळीवर कावळा होता. नातवंडांनो, आपल्याकडे मानतात की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरातल्या कुणीतरी पुढे होऊन ती इच्छा पुरी करायचं कबूल करायचं असतं.

कावळा बसून राहिला.

"काही राहिलं असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

तुझा नवरा पुढे झाला. हात जोडले. "शालन, तुझ्या अस्थी काशीला नेतो."

कावळ्याने चोच फांदीला पुसली.

आप्पा म्हणाला, "वहिनी, पोराच्या लग्नात तुमच्या नावानं पंगत वाढतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "भजी ठेवा. बायकांस्नी भजी लई आवडत्यात." भजी ठेवली. कावळा उडाला, आणि पलीकडे दुसऱ्या कुणाचा विधी चालला होता त्यांच्या पिंडाला शिवून परत बाभळीवर आला. काही लोक हसले, मग हसू नये म्हणून खोकले.

तेव्हा काकी बोलली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती बोलते ते सगळ्यांना ऐकू जातं. "खोलीचं बोल की रं बाबा. पोरगी ऱ्हाऊ दे म्हण."

तुझ्या नवऱ्याने आप्पाकडे बघितलं, आप्पाने मुलाकडे, मुलाने मोबाइलकडे. मंदा माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. मी तिला कोपराने ढोसलं. ती हलली नाही.

"गुरुजी," तुझा नवरा म्हणाला, "दर्भाचा कावळा करा. उन्हं चढली. लोकास्नी जेवायचंय."

गुरुजींनी दर्भाची गाठ मारून कावळा केला, पिंडाला लावला, आणि तू तृप्त झालीस असं सगळ्यांनी ठरवलं. माणसं पंगतीला उठली.

मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. तू ठेवायचीस, आणि त्यावरून मी तुला पुष्कळ बोलले आहे. पण तोही ठेवतो. तुझ्या सासूच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा याच माणसाने गुडघाभर पाण्यात उभं राहून बहिणीला जमीन द्यायचं कबूल केलं होतं आणि ते पाळलंही होतं. तूच मला सांगितलंस. म्हणजे हा नास्तिक नाही. याचा देव आहे, याचे पितर आहेत, त्यांची भीती आहे. आणि ती सगळी भीती त्याने त्या सकाळी गिळली, पण 'मंदा राहू दे' हे तीन शब्द तोंडातून काढले नाहीत. त्याच्या मारापेक्षाही मला त्या गवताच्या कावळ्याची जास्त किळस आली. मारताना निदान तू समोर होतीस.

मी न जेवता मंदाबरोबर मागच्या दाराने खोलीत आले. तिने पहिलं काय केलं असेल तर दिव्यात तेल घातलं.

"दहावा झाला, मंदा. दिवा काढायचा असतो ना आता?"

"कावळा शिवला असता तर काढला असता." ती वात सारखी करत होती. "आई अजून हितंच हाय. तिनं खोली सोडलेली न्हाय."

"मग तिथे 'खोली सोडत नाही' असं बोलली का नाहीस? मी तुला ढोसलं."

"मी बोलले असते अन् कावळा शिवला असता, तर त्यांची सुटका झाली असती, मावशी." बाटलीचं बूच तिने घट्ट लावलं. "आता समद्या गावानं बघितलंय."

शालन, ती तुझीच मुलगी आहे याबद्दल कुणाला शंका असेल तर माझ्याकडे पाठव.

सकाळी गावातला गवंडी पहार घेऊन आला. भिंतीपाशी उभा राहिला, आत दिवा दिसला, आणि पहार खांद्यावर परत ठेवली. "आबा, माझी बायकापोरं हायती. दर्भाचा कावळा केलेलं घर हाय. पहिला घाव मी न्हाय घालणार." आप्पाने त्याला शिव्या दिल्या. तो शिव्या ऐकत गेला.

मग त्यांनी इंदापूरहून रशीदभाईंना बोलावलं. ते आले, वय झालंय आता, मोपेडवरून उतरताना मुलगा हात देतो. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला. "माझीच भिंत हाय ही. बाईंनी ओळंबा लावून बघितली व्हती." आप्पाने सगळं सांगितलं. रशीदभाई म्हणाले, "आमच्यात कावळा बघत न्हाईत."

"म्हणून तर तुमाला बोलावलं," आप्पा खूश होऊन म्हणाला.

रशीदभाईंनी मागच्या दाराने आत डोकावलं. मंदा मशीनवर फॉल लावत बसली होती. दोरीवर कपडे, चुलीवर आमटी. ते बाहेर आले. "पण आत बिऱ्हाड हाय, आप्पा."

"आता जाईल की."

"मग गेल्यावर बोलवा. आत बाई कामाला बसलीय अन् मी भिंत पाडायची, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

मंदाने त्यांना चहा दिला. म्हशीशेजारी उभं राहून त्यांनी तो प्यायला आणि मोपेडवर बसून गेले.

माझ्या मनात काय आलं ते तुला सांगायलाच हवं. हायसं वाटलं, आणि लगेच चीड आली. तू जिवंत होतीस, आदेश होता, शिक्का होता, तरी तुझ्या दाराशी म्हैस बांधली गेली. तू गेलीस, आदेश संपला, आणि न शिवलेल्या एका कावळ्याने तुझी भिंत राखली. या माणसांना जिवंत बाईची लाज वाटली नाही, मेलेलीची भीती वाटली. 'आत बिऱ्हाड हाय' एवढंच बोलायचं होतं. हवालदाराने, वकिलाने, पुढाऱ्याने, तुझ्या भावाने, कुणीही. ते एका रशीदभाईंच्या तोंडून निघालं.

आणखी एक सांगायचं आहे, हे ऐकून तू हसशील. मंदाने इंदापूरला स्वतःच्या नावाने अर्ज केला आहे. घरातल्या मुलीलाही तो हक्क आहे, हे मला आता कळलं. मी सोबत गेले होते. वकीलबाई तरुण आहेत, पटपट लिहून घेतात. त्यांनी विचारलं, "मागच्या दोन खोल्या मागायच्या ना?"

"न्हाय," मंदा म्हणाली. "वसरी पण."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, तसंच लिहा.

इराला अजून उत्तर दिलेलं नाही. हे वाचून तिचं तिला कळेल, निघून कुणी जायला हवं होतं.

निघताना मंदा एसटीपर्यंत पोचवायला आली. गाडी यायला वेळ होता. मागे चौकात तुझा फ्लेक्स एका बाजूने सुटून लोंबत होता. ज्या वेळी मी तुला दर खेपेला तेच म्हणायची, ती ही वेळ. खिडकीशी जागा धरायची, हात बाहेर काढायचा आणि म्हणायचं, अजूनही ऐक, चल बारामतीला. तू खाली उभी राहून हसत मान हलवायचीस.

गाडी आली. मी खिडकीशी बसले. मंदा खाली उभी होती, तुझ्यासारखीच, पदर खोचून.

मी तिला 'चल' म्हटलं नाही. दिव्याला आठवड्याला तेल किती लागतं, ते विचारलं.